दारामागची पिशवी

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आमच्या पिंप्राळ्याच्या घरात दोन गोष्टी होतात. असोद्याचे नाना भरिताची वांगी घेऊन येतात, आणि माझी थोरली बहीण अक्का मला दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी खाली काढायला लावते.

आधी वांग्यांबद्दल. हिरवट पांढरी, हातात धरली तर दुसरा हात आपोआप खाली जातो अशी. नाना ती दोन थैल्यांत भरून मोटरसायकलच्या हँडलला दोन्हीकडे टांगून आणतात आणि दारात थांबून आधी थैल्या उतरवतात, मग स्वतः उतरतात. संध्याकाळी गच्चीवर कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो. वांगी काळी पडतात, साल फुटते, आतला रस जाळावर पडून चुरचुरतो. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांग्याचा गर एकत्र कुटल्याचा ठोका गल्लीभर ऐकू येतो. डिसेंबरात जळगावच्या एखाद्या गच्चीवरून धूर निघाला नाही, तर त्या घरात काही वाईट घडलंय किंवा माणसं पुण्याला मुलाकडे गेलीत, असं शेजारी धरून चालतात.

पिशवी मात्र समजावून सांगावी लागेल. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आमचा आगमनकाळ. एकदा येऊन गेलेल्या प्रभूची आठवण काढायची आणि पुन्हा येणार असलेल्याची वाट पाहायची, असे दोन्ही हिशेब या चार आठवड्यांत चालतात. बहुतेक लोक पहिला सांभाळतात, कारण त्यात करंज्या असतात. अक्का दुसराही सांभाळते. तिने जाड खाकी कापडाची एक पिशवी शिवली आहे. तीत एक पांढरं पातळ, टॉवेल, कंगवा, साबणाची वडी, चमचा, औषधांची चिठ्ठी आणि शास्त्राची, म्हणजे बायबलची, लहान प्रत असते. पिशवी वर्षभर दारामागे टांगलेली असते. पहिल्या रविवारी उपासनेहून आलो की ती कॉटवर रिकामी होते, एकेक वस्तू ऊन खाते आणि संध्याकाळच्या आत पुन्हा भरली जाते. अक्का चाळीस वर्षं धुळ्याच्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरात. तयारी या शब्दाचा तिच्या लेखी एकच अर्थ आहे. हत्यारांची ट्रॉली लावलेली असणं.

स्वर्गात टॉवेल लागतो का, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"बोलावणं कसं येईल सांगता येत नाही," ती म्हणाली होती. "तो स्वतः येईल, नाहीतर अॅम्ब्युलन्स येईल. पिशवी तीच."

मी जन्मभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. हजारो पुस्तकांच्या सहवासाने माणूस विद्वान होत नाही, पण कुणी छातीठोक काही सांगू लागलं की त्याचा संदर्भ कुठल्या पानावर आहे हे विचारायची खोड लागते. बायको गेल्यावर अक्का धुळ्याचं बिऱ्हाड हलवून माझ्याकडे आली. तेव्हापासून या घरात एक वाट पाहणारी आहे आणि एक संदर्भ विचारणारा. जेवण एकत्र होतं.

आज पुन्हा पहिला रविवार. पिशवी खाली उतरली आहे, पातळ दांडीवर आहे, आणि स्वयंपाकघरात नानांच्या वांग्यांचा ढीग. अशा दुपारी मला तीन वर्षांपूर्वीचा आगमनकाळ आठवतो. गेलेलं संकट आठवण्यात एक सुख असतं. ते मी दरवर्षी बिनदिक्कत घेतो.

त्याच्याही मागचं एक आठवतं. आमचे वडील धुळ्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होते आणि रविवारी उपदेशक. प्रभूचं येणं हा त्यांचा आवडता विषय. दोघी जात्यावर दळत असतील, एक वर घेतली जाईल, एक राहील, हे ते इतक्या शांतपणे सांगत की रात्री मी आईच्या पदराचं टोक धरून झोपे. मी आठ वर्षांचा असेन. एका दुपारी शाळेतून आलो तर घर उघडं, चुलीवर भात शिजतोय आणि घरात कुणीही नाही. हाक मारली, उत्तर नाही. शेजारच्या घरातही कुणी नाही. मी उंबऱ्यात बसलो आणि समजून चुकलो की सगळे गेले. मला ठेवून. कालच मी आईच्या डब्यातला गूळ चोरला होता, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नव्हती. खरं तर सगळी बायामंडळी मागच्या अंगणात पापड लाटत होती. अक्का, तेव्हा सोळा वर्षांची, पाणी न्यायला आली आणि तिने मला तसं बसलेलं पाहिलं. काय झालं ते मी कसंबसं सांगितलं. ती हसली नाही. "तुला टाकून मी कशाला जाईन?" ती म्हणाली. "तुझं दप्तर कोण उचलेल?"

मला वाटतं, माझी चिकित्सक बुद्धी त्या उंबऱ्यावर जन्मली. घाबरलेला माणूस पुढे एकतर भक्त होतो किंवा संदर्भ विचारू लागतो.

तर तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीत जगाच्या शेवटच्या काळावर तीन दिवसांची सभा ठरली. फ्लेक्स आधी आला, वक्ते नंतर. फ्लेक्सवर वक्त्यांचा चेहरा इतका मोठा होता की खुद्द येणाऱ्या प्रभूला ढगांसकट कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी जागा उरली होती. नावाआधी तीन उपाध्या होत्या. त्यांपैकी एक डॉक्टरची, आणि ती कुठल्या विद्यापीठाची हे मी दोन दिवस शोधत होतो. वक्ते आले ते दोन गाड्यांतून. सोबत स्वतःचा पडदा, स्वतःचे दिवे आणि पाणी पाजायला एक माणूस. पडद्यावर काळाचा एक लांब तक्ता होता. डाव्या टोकाला जगाची उत्पत्ती, उजव्या टोकाला अंत, आणि आपण उजव्या टोकापासून साधारण बोटभर अलीकडे. तारीख त्यांनी सांगितली नाही. तेवढे ते हुशार होते. हा आपला पृथ्वीवरचा शेवटचा नाताळ नसेलच असं कोण सांगू शकतो, एवढंच ते विचारत. वाक्य असं की कोर्टातसुद्धा टिकलं असतं. त्यांच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला पुढच्या मार्चपर्यंतच्या सभांची यादी छापली होती. ती मी घडी करून खिशात ठेवली. वादात उपयोगी पडेल म्हणून.

अक्का तिन्ही दिवस पहिल्या रांगेत बसली. मला आधी तो उत्साह वाटला. मग लक्षात आलं की तिला पडदा दिसत नव्हता. तिथे उजेड आहे एवढंच कळत होतं.

तिचा डावा डोळा लहानपणी गोवरात अधू झालेला. सगळं आयुष्य तिने उजव्यावर काढलं. नर्सिंग, थिएटर, टाके, विणकाम, सगळं. त्या उजव्यात मोतीबिंदू वाढला होता. धुळ्याचे डोळ्यांचे डॉक्टर, जे कोवळे असताना अक्काच्या दवाखान्यात शिकून गेले होते, त्यांनी ऑपरेशनला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली होती. मला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मोतीबिंदू जास्त पिकलाय, डोळ्यातला दाब वाढतोय, जानेवारी उजाडू देऊ नका. तो आत फुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही, म्हणाले. म्हणजे एकच डोळा, आणि त्याला एकच महिना.

सभेच्या शेवटच्या दिवशी घरी आल्यावर अक्काने मला फोन लावायला सांगितला आणि तारीख रद्द केली.

"महिनाभरासाठी कशाला कापाकापी?" ती म्हणाली. "तिथं नवे डोळे मिळणार आहेत."

मी पत्रक काढलं. मार्चपर्यंतची यादी मोठ्याने वाचली. ती म्हणाली, सांगणाऱ्याने आपलं काम थांबवायचं नसतं. मी म्हणालो, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, दूतांनाही नाही, हे तर तुमच्याच शास्त्रात लिहिलंय.

"म्हणूनच," अक्का म्हणाली.

शास्त्रातल्या वचनावर अक्काशी वाद घालणं म्हणजे आचाऱ्याला पोळी कशी लाटायची हे शिकवणं. मी पुस्तकं वाचली होती. तिने एकच वाचलं होतं, पण इतक्या वेळा की वचन पानाच्या कुठल्या बाजूला आहे हेही तिला पाठ होतं. ते बरंच झालं, कारण वाचणं तिचं सहा महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. ती प्रत उघडून मांडीवर ठेवत असे आणि पाठ म्हणत असे. योग्य वेळी पान उलटत असे. मला हे उशिरा कळलं, कारण मी उपरोधात गुंतलेला होतो.

पुढच्या आठवड्यात तिने वस्तू द्यायला घेतल्या. विणकामाच्या सुया आणि उरलेली लोकर शेजारच्या तायडे वहिनींकडे गेली. वहिनी शाळेत शिकवतात आणि विहारात रविवारी मुलांचा वर्ग घेतात. त्यांनी सुया घेतल्या, मला जिन्यात गाठलं आणि ताई कुठे निघाल्या आहेत का असं विचारलं. मी वर बोट दाखवलं. वहिनींनी आधी वर पाहिलं. मग म्हणाल्या की सुया त्या कपाटात ठेवतील, कुणाला देणार नाहीत.

नाना वांगी घेऊन आले ते त्याच आठवड्यात, पहिल्या रविवारी. अक्काने कधीकाळी त्यांच्या बायकोला मोठ्या आजारातून काढलं होतं. तेव्हापासूनची ही वांगी. घरातली आवराआवर पाहून त्यांनी चौकशी केली आणि मी, जरा जास्तच रंगवून, जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगितलं. नाना हसतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं खरं मानलं आणि ते खुर्चीच्या कडेवर आले. नानांच्या शेतात दरवर्षी एका झाडावरचं सगळ्यात चांगलं वांगं तोडत नाहीत. त्याला चिंधी बांधतात, ते पिवळं होईपर्यंत झाडावर ठेवतात आणि त्यातून पुढच्या वर्षाचं बी काढतात. चिंधी बांधायचे दिवस जवळ आले होते.

"बठ्ठं खरं शे, अक्का," ते गंभीरपणे म्हणाले. "पन मी बी धरू का नको, तेवढं सांगा."

"धरा, नाना," अक्का लगेच म्हणाली. "बी धरायचंच."

मी तिच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मग आठवलं की तिला नजर दिसत नाही, म्हणून बोलावं लागलं. "नानांच्या वांग्याला पुढचं वर्ष आहे आणि तुझ्या डोळ्याला नाही?"

"वांग्यात आणि माझ्यात फरक आहे," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना तिने दाराची चौकट हाताने चाचपली. नानांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. चहा आम्ही दोघांनीच घेतला.

त्या दिवसापासून माझा उपरोध आटला. रोज सकाळी ती उठण्याआधी मी ऐकत असे, उठताना कण्हते का, डोळ्यावर हात धरते का. दाब वाढला की आधी डोकं दुखतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणसाने जागं राहावं, असं शास्त्र सांगतं. मी जागाच होतो, फक्त वेगळ्या कारणासाठी.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब शिडशिडीत, कमी बोलणारे. स्कूटरवर फिरतात आणि हेल्मेट व्यासपीठाच्या मागे टांगतात. सभेत ते शेवटच्या रांगेत बसले होते. एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चौथ्या रविवारी संध्याकाळी स्त्रीमंडळाने शास्त्रातल्या दहा कुमारींचं नाटुकलं करावं आणि अक्काने ते बसवून द्यावं, एवढंच सांगितलं. सभेतले तेच मोठे वक्ते परतीच्या वाटेवर पाहुणे म्हणून येणार होते. अक्का खुलली. मी ती गोष्ट आधीपासून ओळखून आहे. दहा जणी दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या निघतात. नवरदेवाला उशीर होतो. पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल आणलेलं असतं, पाच मूर्खांनी नाही. मूर्ख तेल मागतात, शहाण्या नाही म्हणतात. मूर्ख विकत आणायला जातात, तेवढ्यात दार बंद होतं.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, शहाण्यांनी थोडं थोडं का नाही दिलं? वडिलांनी शांतपणे सांगितलं होतं की हे तेल वाटता येत नाही. ज्याचं त्याने भरायचं. अक्काही तेच सांगे. मला ते पटलं नाही, आणि साठ वर्षांत पटलेलं नाही. त्या पाच जणींना मी शहाण्या म्हणतो, पण त्यांच्या शेजारी घर घेणार नाही.

तर चौथा रविवार. दहा कुमारींपैकी सात जणी आजी झालेल्या. पांढरी पातळं, डोक्यावर लेसचे रुमाल, हातात दिवाळीतल्या मोठ्या पणत्या. पाच शहाण्यांच्या कमरेला तेलाच्या छोट्या बाटल्या. त्या बाटल्या अक्काने स्वतः भरल्या होत्या. मागच्या स्वयंपाकघरात, एकटीने, नरसाळं लावून. कुणाला हात लावू दिला नव्हता. तिथे शंभर माणसांच्या भरीत-पुरीची तयारी चालली होती. आपल्याकडे तेलाचा डबा संपला की फेकत नाहीत, धुऊन त्यात पाणी भरून ठेवतात. पिवळ्या प्लास्टिकचे तेच डबे, तीच चित्रं, बाहेरून तसेच तेलकट. एका रांगेत चार उभे होते. दोनांत तेल, दोनांत प्यायचं पाणी. डोळस माणसालाही एकदा वाकून पाहावं लागलं असतं.

पाहुणे दीड तास उशिरा आले. नाटकातल्या नवरदेवाला ते शोभलं. पुष्पगुच्छ झाले, शाल झाली, त्यांचा परिचय त्यांच्याच माणसाने वाचला. मग दिवे मंद झाले आणि दहा जणी पणत्या घेऊन आल्या, पेंगल्या, दचकून उठल्या. मूर्खांनी पणत्या विझत चालल्याचा अभिनय केला, तेल मागितलं. शहाण्यांनी ठरल्याप्रमाणे नाही म्हटलं, बाटल्या उघडल्या आणि आपापल्या पणतीत ओतल्या.

चर्र झालं. पाचही शहाण्यांच्या पणत्या एकामागोमाग विझल्या.

मूर्खांच्या जळत होत्या.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण हे असंच असेल, नव्या पद्धतीचं, असं काहींना वाटलं. शहाण्या अंधारात उभ्या. त्यांच्यातली पहिली बाटलीकडे पाहत राहिली. मूर्खांमधल्या मार्थाबाई, भाजीबाजारात बसणाऱ्या, आवाज खणखणीत, त्या पुढे आल्या. संहिता त्यांनी तशीही कधी पाठ केली नव्हती. शहाणीच्या पणतीतलं पाणी त्यांनी सरळ स्टेजवर ओतून टाकलं, वात पदराने पुसली आणि आपल्या पणतीतलं निम्मं तेल त्यात ओतलं.

"धर गं," त्या म्हणाल्या. "रडू नको आता."

बाकीच्या चार मूर्खांनीही तसंच केलं. वाती ओल्या होत्या, वेळ लागला, पण दहाही पणत्या लागल्या. बारीक, पण लागल्या. आता कोण आत जाणार आणि कुणावर दार बंद होणार हे कुणालाच ठरवता येईना. नवरदेव झालेला गृहस्थ पडद्याआडून डोकावला आणि सगळ्यांनाच आत घेऊन गेला. तेव्हा हशा झाला. पाहुण्यांनी माईक घेऊन त्यातून काही बोध काढायचा प्रयत्न केला, पण पाळकसाहेबांनी नम्रपणे पुऱ्या गार होतील असं सांगितलं.

मी अक्काला शोधत मागे गेलो. ती पिवळा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिने डब्याच्या तोंडात बोट बुडवलं, बोट डोळ्याशी नेलं, मग जिभेला लावलं. चाळीस वर्षं थिएटरमध्ये औषधाच्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय तिने सुईत भरलं नव्हतं.

"वसंता," ती म्हणाली, "हे पाणी आहे हे तुला लांबून दिसलं असतं?"

माझ्याकडे टोमणे बरेच होते. "हो," मी म्हणालो.

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. बाहेर पंगत बसत होती, भरिताचा वास आत येत होता.

"डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "मंगळवारी जमतं का विचार."

मंगळवार म्हणजे नाताळचा आदला दिवस. डॉक्टर म्हणाले, सिस्टरसाठी जमवतो. मी दारामागची पिशवी काढली. तीत सगळं होतंच. त्या दृष्टीने तिची तयारी खरोखर चोख होती.

धुळ्याच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. रावेरकडची केळी भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकत होते. ते पाहून मी, केळी चाललीत, असं सांगितलं. तिने मान हलवली. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली की तिने एकदा एक डोळा जाताना पाहिलाय. ऑपरेशनच्या टेबलावर. डॉक्टरांची चूक नव्हती, रोग्याचीही नव्हती. ट्रॉली तिनेच लावली होती. आपल्याकडे तर एकच उरलाय.

"भीती वाटत होती रे," ती म्हणाली. "त्याच्या येण्याची नाही. टेबलावर पडायची."

एवढ्या आठवड्यांत मी तिच्याशी वचनांवर, पत्रकांवर, तारखांवर भांडलो होतो. भीतीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. शेवटचा काळ हे लपायला फार मोठं आणि मानाचं कपाट आहे. त्यात माणूस शिरला की बाहेरचे लोक आदराने दार लावून घेतात. माझ्यासारखे बाहेर उभे राहून कपाटाच्या लाकडावर टीका करतात.

डॉक्टर दीड तास उशिरा आले. त्या महिन्यात उशिराने येणाऱ्यांची रांगच लागली होती. अक्का हिरवा झगा घालून टेबलावर पडून होती आणि आतल्या नर्सकडून ट्रॉलीवरची हत्यारं मोजून घेत होती, असं नंतर कळलं. एक चिमटा कमी होता. तो तिनेच शोधायला लावला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. प्रार्थना केली का असं कुणी विचारलं तर मी संदर्भ मागेन. पण बाकाची कड धरून धरून माझी बोटं संध्याकाळपर्यंत दुखत होती.

नाताळच्या सकाळी पट्टी सुटली. दवाखान्यात आम्ही, डॉक्टर आणि एक शिपाई एवढेच. त्या वर्षी जन्मात पहिल्यांदा आमची नाताळची उपासना चुकली. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि काय दिसतं ते विचारलं. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"तू पांढरा झालास की रे," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर काळा चष्मा लावून तिने धुळे ते जळगाव प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. ढाब्यांची, खतांची, मंगल कार्यालयांची, पारोळ्याची, एरंडोलची. पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा मागे वळून पाहून गेला. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही. इतकं बरं संगीत मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. पिंप्राळ्यात रिक्षा चर्चच्या दारावरून गेली तेव्हा तो फ्लेक्स अजून तिथेच होता. तिने रिक्षा थांबवली आणि वर पाहिलं.

"हा एवढा तरुण आहे?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "केस रंगवलेत."

दोन दिवसांनी पाळकसाहेब पाहायला आले. हेल्मेट मांडीवर ठेवून बसले. नाटकाबद्दल त्यांनी एकच गोष्ट काढली. त्या गोष्टीत दहाही जणी झोपल्या होत्या, ते म्हणाले. शहाण्यासुद्धा. झोपल्याबद्दल नवरदेव एकीलाही बोलला नाही. हे मी इतक्या वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण दिसलं नव्हतं. अक्काला मात्र त्यात नवल वाटलं नाही.

"रात्रपाळीला असंच असतं," ती म्हणाली. "ट्रॉली लावलेली असली की डुलकी घ्यायला हरकत नाही."

मला त्या वाक्याने जितकं मोकळं केलं तितकं कुठल्याही ग्रंथाने केलेलं नाही. लहानपणीच्या त्या उंबऱ्यापासून मला वाटत आलं होतं की वाट पाहणं म्हणजे डोळे ताणून बसणं, आणि चुकून पापणी मिटली की संपलं. म्हणून मी ती वाटच सोडून दिली. इथे एक म्हातारी परिचारिका सांगत होती की काम नीट करून ठेव, आणि मग पड जरा.

तायडे वहिनींनी त्याच आठवड्यात सुया परत आणून दिल्या. एकही टाका घातला नव्हता. ताई मागतीलच परत, हे त्यांना माहीत होतं म्हणे. नानांनी चिंधी बांधलेल्या वांग्याचं बी धरलं होतं. आज स्वयंपाकघरात पडलेला ढीग त्याच्याच वंशातला.

मोठे वक्ते त्यानंतर आले नाहीत. त्यांच्या यादीतला मार्च आला आणि गेला. अक्का त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, असं तिचं मत आहे. येणारा येणार आहे. घाई त्यांची होती.

आता दुपार कलली आहे. दांडीवरचं पातळ वाळलं. अक्का कॉटवर बसून पिशवी भरते आहे, वाचायचा चष्मा नाकावर. मी समोर बसून पाहतो आहे. पातळ, टॉवेल, साबण, चमचा, शास्त्राची प्रत. मग तिने उशाखालून एक राखाडी स्वेटर काढला. पुरुषाचा, बिनबाह्यांचा. ऑगस्टपासून ती काहीतरी विणत होती, पण मी आत आलो की पदराखाली घेत होती. त्याची घडी करून तिने पिशवीत ठेवला. त्यावर माझा जुना चष्मा. त्यावर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट.

"हे माझं आहे," मी म्हणालो.

"मग?"

"मला कोण बोलावतंय?"

"तुला आयत्या वेळी काही सापडत नाही."

मग साठ वर्षांची तक्रार बाहेर आली. "तेल वाटता येत नाही म्हणायचीस."

अक्काने पिशवीचं तोंड आवळता आवळता माझ्याकडे पाहिलं. दोन डोळ्यांनी, पण खरं तर एकाच. स्वच्छ.

"तेल कुठं दिलंय? स्वेटर दिलाय."

गच्चीवर नाना काड्या रचत होते, त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. अक्काने बंद केलेली पिशवी काहीतरी आठवून पुन्हा उघडली, गोळ्यांचं पाकीट काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि कडेचं ते मुंगीएवढं अक्षर वाचलं.

"ह्या गोळ्या मार्चपर्यंतच चालणार," ती म्हणाली. "नव्या आण."

मी चपला घातल्या.